अत्तराच्या कुपीतील हिशेब

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस सुगंधावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण या विषयाची ओळख मला कामगारांनीच करून दिली. काही वर्षांपूर्वी सुगंधी मालाच्या एका कारखान्यात बाटल्या भरणाऱ्या बाया डोके दुखते म्हणून आमच्याकडे आल्या. त्यांना हातमोजे आणि हवेसाठी पंखा हवा होता. मालकाने उत्तर दिले, "दिवसभर सुवासात बसता, आणखी काय हवे?" तेव्हापासून कुपी पाहिली की मी विचारतो : हिच्यात काय आहे, आणि ते कोणी आणले?

अलीकडे युरोप-अमेरिकेत काही लहान सुगंधगृहे निघाली आहेत. घटक थोडे, बाटली साधी, रिकामी झाली की पुन्हा भरून द्यायची आणि पृथ्वीला उपद्रव द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा आहे. हा बाणा कितपत खरा, ते पाहू.

नेहमीच्या परफ्यूममध्ये मुख्यतः मद्यार्क असतो आणि त्यात डझनांनी, कधी शेकड्यांनी सुगंधी द्रव्ये विरघळविलेली असतात. ती बहुतेक गुप्तच राहतात. याच्या अगदी उलट टोक २००६ साली गेझा शोन या जर्मन सुगंधकाराने गाठले. त्याच्या 'मॉलिक्यूल ०१' मध्ये 'आयसो ई सुपर' हे एकच सुगंधी द्रव्य आहे, आणि तेही प्रयोगशाळेत घडविलेले! म्हणजे 'थोडे' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द एक नव्हेत.

मग कृत्रिम तेवढे वाईट काय? तसेही नाही. चंदनाचा वास झाडाच्या गाभ्यात आणि मुळांत असतो. तो भरायला कित्येक वर्षे लागतात आणि काढायला झाड मुळासकट उपटावे लागते. कारखान्यातले चंदनगंधी द्रव्य ते झाड वाचविते. मात्र अशा पुष्कळ द्रव्यांचे मूळ खनिज तेलात असते, हेही विसरू नये.

थोडक्यात भागविण्याची ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. उत्तर प्रदेशातील कनौजला तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. थंड पाण्यात ठेवलेल्या त्या भांड्यात चंदनतेल असते, ते सुवास धरून ठेवते. भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाचे 'मिट्टी अत्तर' तेथेच निघते. कारागीर आच ओळखतो ती हाताने आणि नाकाने. पण चंदन महागल्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन तेल आले आहे, आणि जाळाला लाकूड लागतेच. जुने म्हणून सगळेच निर्दोष नसते.

आता मूळ मुद्दा. मोगऱ्याच्या जातीची अत्तराची फुले पहाटेपूर्वी खुडावी लागतात, कारण ऊन चढले की वास उडतो. किलोभर वजनाला हजारो फुले लागतात आणि मजुरी मिळते ती वजनावर. २०२४ साली बीबीसीने इजिप्तमधील अशा मळ्यांत रात्रीच फुले खुडणारी लहान मुले जगाला दाखविली. त्या मळ्यांतील माल नामांकित परफ्यूमपर्यंत पोहोचत होता.

येथे थोड्या घटकांचा खरा उपयोग कळतो. शंभर द्रव्यांचा माग कोण काढणार? पाचांचा काढता येतो. म्हणून या सुगंधगृहांचे मी स्वागत करतो, पण अर्धेच. फुलाचे नाव आणि गाव ते हौसेने सांगतात. त्याच कागदावर किलोमागे खुडणारणीला काय मिळाले, तेही छापावे. पृथ्वी जपायची तर पृथ्वीवर वाकून काम करणारी माणसेही जपली पाहिजेत.

आमच्या बायांना अखेर पंखा मिळाला. सुवास काही कमी झाला नाही.