ज्येष्ठमध नेमका काम करतो कुठे?

ताणाने दमलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना ज्येष्ठमध बळ देतो, असं सांगून त्याच्या कॅप्सूल हल्ली विकल्या जातात. चिनी वैद्यकातला हा गानत्साओ. आपल्याकडे घसा बसला की चघळतात त्या काडीचा सख्खा नातलग. दाव्यात तथ्याचा अंश आहे, आणि गोची तिथेच आहे. १९४०च्या दशकात रेव्हर्स या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाचा अर्क पोटाच्या अल्सरवर दिला. रुग्णांना आराम पडे, पण काहींच्या अंगावर सूज येई. अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक फाजील झाल्यासारखी ही लक्षणं. त्यांचा उलगडा व्हायला १९८०चं दशक उजाडलं. मूत्रपिंडातलं एक विकर कॉर्टिसॉल या अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकाला निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनपासून आतड्यात तयार होणारं आम्ल नेमकं त्याच विकराला अडवतं. मग न बदललेलं कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉन या अ‍ॅड्रिनलच्याच दुसऱ्या संप्रेरकाचं काम बळकावतं: मीठ अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो. ग्रंथीला बळ मिळणं दूरच. तिचं स्वतःचं अल्डोस्टेरॉन उलट कमी होतं.

मग १९५०च्या दशकात अ‍ॅडिसनच्या, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराच्या, काही रुग्णांना याचा उपयोग झाला, त्याचं काय? झाला खरा, पण ज्यांच्या शरीरात थोडंफार कॉर्टिसॉल उरलं होतं किंवा बाहेरून दिलं जात होतं, त्यांनाच. ज्येष्ठमध कॉर्टिसॉल टिकवतो, बनवत नाही. आणि ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाचा आजार? २०१६ साली ब्राझीलच्या संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले. ग्रंथी ताणाने थकतात याला आधार सापडला नाही. परंपरेचा दाखला मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. चिनी वैद्य गानत्साओ असंख्य काढ्यांत घालतात, पण बहुधा इतर वनस्पतींच्या जोडीला आणि दुखण्यापुरता. तो अनुभव महिनोन्‌महिने रोज गिळायच्या कॅप्सूलला कसा लागू पडेल? स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २८ निरोगी तरुणांचा रक्तदाब रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक आम्लाने दोन आठवड्यांत वाढला. आणि तेवढी मात्रा बऱ्याच देशांत निर्धोक समजली जाते. ग्लिसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमधही मिळतो. त्याने ही भीती जाते, पण कॉर्टिसॉलवरचा परिणामही जातो. थकव्यासोबत वजन घटत असेल, त्वचा काळवंडत असेल, उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर सकाळचं कॉर्टिसॉल तपासून घ्यावं. अ‍ॅडिसन निघालाच तर हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं, आणि त्याच्या जोडीला डॉक्टरांना न सांगता ज्येष्ठमध चालू असला तर त्या गोळ्यांच्या डोसचा हिशोबच चुकतो.