जालन्यातील खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : पाणी, उष्मा आणि कायदा

प्रस्तावना :
मत्स्यालयाचा छंद गोड्या पाण्यापुरता मर्यादित होता, तोवर मराठवाड्यातील घरांत त्याची फारशी अडचण नव्हती. गप्पीसारखे मासे बोअरच्या जड पाण्यातही तग धरतात. क्लाऊनफिश आणि रंगीत प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची काचपेटी दिवाणखान्यात असावी, ही ओढ मात्र निराळ्या प्रतीची आहे. समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या जालना जिल्ह्यात अशी पेटी उभारताना काय शक्य आहे, काय खर्चिक आहे आणि काय बेकायदेशीर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छंदाची पूर्वपीठिका :
सार्वजनिक मत्स्यालयाची सुरुवात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये झाली. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाट आली. पुढे त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, संग्राहकांच्या झुंडींनी किनाऱ्यावरील खडकांतील जीवसृष्टी कशी ओरबाडून नेली, हे खेदाने नोंदविले. छंद आणि ऱ्हास यांचे नाते इतके जुने आहे. महाराष्ट्राला सागरी माशांचे जवळून दर्शन घडविले ते १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. तथापि, समुद्राला लागून असलेल्या संस्थेची गोष्ट वेगळी आणि जालन्यातील फ्लॅटची वेगळी.

पाण्याचा हिशेब :
समुद्राच्या पाण्याची क्षारता दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असते. बाजारात मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून ती साधता येते. २०० लिटरच्या पेटीस सुमारे ७ किलो मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ येथे निरुपयोगी आहे, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट व बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. खरी अडचण ‘शुद्ध पाणी’ या दोन शब्दांत आहे. बेसाल्ट खडकातून येणारे भूजल कठीण असते व त्यात सिलिका असते. त्याच पाण्यात मीठ घातल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते आणि काचेवर तपकिरी शेवाळाचा थर चढतो. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे आयन काढणारे रेझिन, अशी दुहेरी गाळणी आवश्यक ठरते.

घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकते, असे धरू. उन्हाळ्यात २०० लिटरच्या पेटीतून रोज ३ लिटर पाण्याची वाफ झाली, तर महिन्याला ९० लिटर होतात. दर पंधरवड्यास दहा टक्के पाणी बदलावयाचे म्हटल्यास आणखी ४० लिटर लागतात. म्हणजे १३० लिटर शुद्ध पाण्यासाठी ३९० लिटर पाणी टाकाऊ होते, आणि एकूण मागणी ५२० लिटरवर जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगले, हे ज्यांना आठवते त्यांना हा आकडा किरकोळ वाटणार नाही. सुदैवाने आरओचे टाकाऊ पाणी खारट नसून केवळ अधिक जड असते. फरशी पुसणे, शौचालय, भांडी घासणे यांसाठी ते साठविता येते. तशी सोय घरात नसेल, तर पेटी न मांडणेच योग्य.

येथे एक साधी चूक वारंवार घडते. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. २०० लिटरपैकी २० लिटर उडाले की क्षारता ३५ वरून जवळपास ३९ वर जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर क्षारता वाढतच जाते. तूट शुद्ध पाण्यानेच आणि शक्यतो रोज भरावी.

उष्मा व वीजपुरवठा :
प्रवाळांच्या प्रदेशातील माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जालन्याचा मे महिना ४० अंशांच्या पलीकडे जातो, तर हिवाळ्याच्या रात्री इतक्या थंड असतात की हीटर लावावा लागतो. पाणी थंड करणारे यंत्र महाग आहे व वीजही खाते. कोरडी हवा मात्र येथे उपयोगी पडते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला असता बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका साधत नाही. अर्थात त्याने वाफ वाढते, आणि वर मांडलेला पाण्याचा हिशेब पुन्हा वर सरकतो.

पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम असू शकतो. ३० अंशांना सहाच्या थोडा वर. वीज गेली की पंप थांबतो, पाणी स्थिरावते आणि मासे काही तासांत दगावू शकतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा या पेटीचा चैनीचा नव्हे, तर अत्यावश्यक भाग होय.

पेटी ‘पिकणे’ :
पाणी भरताच मासे सोडणे हे नवख्यांच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण होय. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी आहेत. तिसरा तुलनेने सौम्य असून पाणी बदलून कमी करता येतो. हे जीवाणू सच्छिद्र दगडांवर वसाहत करण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे घेतात. या काळात पेटीत एकही मासा न ठेवता थोडा अमोनिया घालून, तपासणी संचाने रोज मोजणी करावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच पहिला मासा आणावा. शेतात विरजण घातलेल्या शेणखताची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला हा धीर अपरिचित नाही.

कायद्याची मर्यादा :
परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी हे संरक्षण कायम आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. परदेशी ग्रंथांत पेटीचा पाया मानलेला ‘जिवंत दगड’ म्हणजे बहुधा मृत प्रवाळाचाच तुकडा असतो. तोही यातून सुटत नाही. घराघरांत वास्तुदोषावर उपाय म्हणून टांगले जाणारे ‘इंद्रजाल’ ही वनस्पती नसून समुद्रपंख्याची किंवा काळ्या प्रवाळाची वसाहत असते, हेही या निमित्ताने ध्यानात घ्यावे.

हे निर्बंध अनाठायी नाहीत. १९९८ च्या उष्णतेने लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथ्या व्यापक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याचे बहुतांश अन्न तयार करतात. पाणी नेहमीपेक्षा एखाददुसऱ्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही शैवाले निघून जातात. ज्या जिवाला मालवणच्या समुद्रातही उष्मा सोसवत नाही, तो जालन्याच्या दिवाणखान्यात पंख्याखाली कितपत जगेल, हा प्रश्न कायद्याविनाही उरतोच. प्रवाळ पाहावयाचे असल्यास १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य महाराष्ट्रातच आहे.

मग पेटीत काय ठेवावे? सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम दगड आणि बंदिस्त प्रजननातून आलेले क्लाऊनफिश. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे पेटीतील जीवनाला व कोरड्या खाद्याला सरावलेले असतात. विक्रेत्याकडे माशाचा उगम विचारावा. उत्तर टाळले गेल्यास खरेदीही टाळावी. २०० लिटरच्या पेटीत एक जोडी व दोन-तीन लहान मासे पुरेत.

बदललेले खारे पाणी कोठे टाकावे, हा शेवटचा आणि बहुधा विसरला जाणारा मुद्दा. ते अंगणातील झाडांना, शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या आसपास कदापि टाकू नये. सोडियमने काळ्या मातीचे कण सुटे होऊन निचरा बंद पडतो, आणि भूजलात उतरलेले मीठ परत काढता येत नाही. गटार नसलेल्या वस्तीत ते पसरट ट्रेमध्ये गच्चीवर वाळवावे. मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत तळाशी मीठ उरते. ते कोरड्या कचऱ्यात द्यावे.