हातांची बोली

आपण ज्याला ‘मुका’ म्हणून मोकळे होतो, त्याचा गळा बहुधा आपल्याइतकाच धडधाकट असतो. त्याला ऐकू येत नाही, म्हणून बोलणे उमलत नाही.

नव्वदच्या दशकात मी मेढ्याला बँकेत होतो. बामणोलीकडच्या एका वाडीतला कर्णबधिर तरुण आईबरोबर पैसे काढायला यायचा. म्हैस, भात, मुंबईचा थोरला भाऊ अशा वीस-पंचवीस खुणांत मायलेकांचा संसार चालायचा. मी काही विचारले की तो आईच्या तोंडाकडे बघायचा. जावळीच्या डोंगरात वाडीला असे मूल एखादेच; त्याने बोलायचे कुणाशी?

एकट्याच्या खुणांची भाषा होत नाही. निकाराग्वात १९७७ नंतर मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवत राहिले. मुलांनी मात्र मैदानात आणि बसमध्ये घरोघरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या लहानग्यांनी त्यांना व्याकरण दिले! शाळेत खुणा नकोत, हा १८८० च्या मिलान परिषदेचा ठराव. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले.

आपल्याकडचे मैदान म्हणजे मुंबईची लोकल. अपंगांच्या डब्यात कर्णबधिर मंडळी ठरवून एकाच गाडीला भेटतात, बातम्या सांगतात, भांडतातसुद्धा. स्वतः कर्णबधिर असलेल्या बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅनेलिस कुस्टर्स यांनी २००९ मध्ये यावर लिहिले आहे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘बाई’ म्हणायला बोट नथीच्या जागी जाते, ‘पुरुष’ म्हणायला मिशीवर. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: तू राहतोस कुठे? आपल्या साताऱ्याकडच्या बोलण्यासारखेच की! उलट अमेरिका आणि ब्रिटन, दोघांची इंग्रजी एक. पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांचे हात कळत नाहीत.

आमचा तरुण माथाडी भावाकडे मुंबईला गेला. दोन वर्षांनी गणपतीला आला तेव्हा आई म्हणाली, “ह्येचं हात आता लई चालत्यात, सायेब. मलाच काय कळंना झालंय.” मुलाला भाषा मिळाली होती, आणि आई मागे राहिली होती.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा चित्रफीत-कोश काढला. २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांचा झाला. मोबाइलवर तो फुकट बघता येतो, अगदी वाडीतल्या आईलाही. नथीच्या खुणेपासून सुरुवात करायला हरकत नाही.