कर्णबधिर मुलाला अंधारात दिसतं का?

शेतीला रात्रीची लाईट असली की कृष्णाकाठच्या गावांत उसाला पाणी पाजायला बॅटरी घेऊन रानात जावं लागतं. घरात कानाला मशीन लावणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल आणि तो दारं धरायला जायचं टाळत असेल, बांधावरून घसरत असेल, पाटात पाय घालत असेल, तर घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. कुणी म्हणतं, भितो. दिवसा तोच मुलगा वैरण कापतो, मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचतो. त्यामुळे डोळ्यांची शंका कुणाच्या मनातही येत नाही. पण जन्मापासून कमी ऐकू येणं आणि वयात येताना अंधारात दिसेनासं होणं, ही दोन लक्षणं एकाच मुलात आढळली तर एका आनुवंशिक आजाराचा विचार करावाच लागतो. त्याचं नाव अशर सिंड्रोम.

जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५८ मध्ये हे दुखणं नोंदवलं. ते घराण्यातून चालत येतं, हे १९१४ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स अशर यांनी दाखवलं. कानाच्या आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या केशपेशी असतात, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. या दोन्हींना काही प्रथिनं सारखीच लागतात. त्यांपैकी एखाद्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की दोन्हीकडे बिघाड होतो, मात्र एकाच वेळी होत नाही. कान बहुतेकदा जन्मतःच कमी असतो, डोळा वर्षानुवर्षं हळूहळू मंदावत जातो. मधल्या दहा-पंधरा वर्षांत घरच्यांची समजूत पक्की होते की आपल्या मुलाला फक्त ऐकायला येत नाही. जन्मजात कर्णबधिर मुलांपैकी शंभरात ३ ते ६ जणांना हा आजार असतो, असा जगभरचा अंदाज आहे.

अशरच्या तीन प्रकारांपैकी पहिल्या प्रकारात मूल जन्मतः जवळजवळ काहीच ऐकत नाही. त्याच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी असते. म्हणून ते मान उशिरा धरतं, बसायला उशीर लावतं आणि चालतंही उशिरा, बहुतेकदा दीड वर्षानंतर. ‘अंगानं जड आहे, चालेल सावकाश,’ असं म्हणून आपण गप्प बसतो. खरं तर बहिरेपणाच्या जोडीला उशिरा चालणं, ही या आजाराची सर्वांत लवकर दिसणारी खूण आहे. रातांधळेपणा पुढे दहाव्या वर्षाच्या आसपास, कधी त्याआधीही जाणवू लागतो.

इथे एक धोका मुद्दाम सांगायला हवा. आपल्याकडे मुलं विहिरीत नाहीतर नदीत पोहायला शिकतात. तोल सांभाळणारी यंत्रणा नसलेला माणूस जमिनीवर डोळ्यांच्या आणि पायांच्या आधारानं सावरतो. पाण्याखाली, अंधाऱ्या विहिरीत त्याला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं. चांगलं पोहता येणारा मुलगाही अशा वेळी बुडू शकतो. अशा मुलाला एकट्यानं विहिरीत उतरू देऊ नका.

दुसऱ्या प्रकारात ऐकणं मध्यम ते तीव्र कमी असतं, पण मशीन लावून मूल बोलायला शिकतं. तोल ठीक, चालणं वेळेवर. डोळ्यांचा त्रास किशोरवयात सुरू होतो. म्हणूनच हा प्रकार सर्वांत जास्त निसटतो. तिसऱ्या प्रकारात ऐकणं आणि दिसणं दोन्ही पुढे हळूहळू कमी होतं, पण तो विरळा.

डोळ्यांची लक्षणं घरातच दिसतात, फक्त ती डोळ्यांची आहेत हे उमगत नाही. लख्ख उन्हातून माजघरात आल्यावर मूल उंबऱ्याशीच थांबून राहतं. दिवेलागणीला अंगणातली बाज, बादली, वासराचं दावं त्याला लागतात. सायकल संध्याकाळनंतर नकोशी होते. पुढे नजरेच्या कडा गळू लागतात आणि नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढंच दिसतं. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या हात लागून सांडतो, गर्दीत लोकांना धक्के लागतात आणि ‘डोळे फुटले का?’ असं ऐकून घ्यावं लागतं. खाणाखुणांनी बोलणारं मूल समोरच्याला दोन पावलं मागे सरकायला सांगतं, कारण जवळून त्याला हात पूर्ण दिसत नाहीत. तरीही डोळ्यांच्या तपासणीत तक्त्यावरची अक्षरं ते बिनचूक वाचतं. मधली नजर बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे शाळेतली तपासणी पार पडते.

रातांधळेपणा म्हटलं की आपल्याला ‘अ’ जीवनसत्त्व आठवतं. ती कमतरता असेल तर उपचारानं अंधारातली नजर बऱ्यापैकी लवकर सुधारते. अशरमध्ये पडदाच झिजत असतो, त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. तिथे मनानं जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत राहणं यकृताला घातक ठरू शकतं. बाहुली मोठी करून पडदा पाहणं, नजरेचा परीघ मोजणं आणि ईआरजी (प्रकाशाला पडदा कसा प्रतिसाद देतो ते मोजणं) या तपासण्यांनी खरं कळतं. पडदा वरवर ठीक दिसत असतानाही ईआरजीत दोष आधी उमटू शकतो.

कान-डोळ्यांच्या जोडीचे आनुवंशिक आजार आणखीही आहेत. ऐकणं कमी आणि लघवीत रक्त, विशेषतः मुलग्यात, असं असेल तर अल्पोर्ट सिंड्रोमची शंका घेऊन मूत्रपिंड तपासावं लागतं. लहानपणीच खूप मोठा उणे नंबर, फाटलेली टाळू आणि सांधेदुखी असेल तर स्टिकलर. त्यात पडदा सुटण्याचा धोका असतो आणि डोळ्यापुढे अचानक ठिणग्या किंवा पडदा आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कपाळावर पांढऱ्या केसांची बट, एक डोळा निळाशार आणि दुसरा तपकिरी, हे वार्डेनबर्गचं लक्षण. त्यात नजर बहुधा चांगली असते, पण ऐकणं तपासायलाच हवं. नुसते घारे डोळे म्हणजे आजार नव्हे. आणि प्रत्येक जोडी आनुवंशिक असते असंही नाही. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू आणि बहिरेपणा एकदम येऊ शकतो. गोवर-रुबेला लसीची मोहीम आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती त्यासाठीही होती.

‘आमच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही, मग हे कुठून आलं?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि बोट बहुतेकदा सुनेकडे वळतं. अशरमध्ये दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दोघांकडे एकेक सदोष प्रत असते, पण दोघांनाही उत्तम ऐकू येतं, दिसतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ४ पैकी १ शक्यता असते. पहिलं मूल असं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं मुळीच नसतं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात तिची मांडणी केली आहे. जतकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात काही समाजांत सख्ख्या मामाशीच भाचीचं लग्न होतं. आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीची चौथा हिस्सा, म्हणून एकच लपलेला दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. बहुसंख्य अशा जोडप्यांची मुलं निरोगी असतात, आणि नात्याबाहेरच्या लग्नातही अशर होतो. पण घरात एक मूल कर्णबधिर असताना पुन्हा नात्यातच सोयरीक ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

दवाखान्यांची इथे वानवा नाही. १८९४ पासून वानलेस रुग्णालयामुळे मिरजेला लांबलांबून रुग्ण येत आले. आज तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. अडचण वेगळीच आहे. कानाचे डॉक्टर कान पाहतात, डोळ्यांचे डोळे, आणि मूल उशिरा चाललं हे तर कुणाला सांगितलंच जात नाही. तिन्ही गोष्टी ठाऊक असतात त्या फक्त आईला. तिनं त्या एकाच कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवल्या तर निदानाची काही वर्षं वाचतील.

पडद्याची झीज थांबवणारं औषध अशरवर अजून नाही, मग लवकर कळून काय उपयोग, असं कुणी विचारतं. उपयोग फार मोठा आहे. पहिल्या प्रकारच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र, लवकर मिळालं तर पुढे नजर गेल्यावरही कान साथ देतो. ओठ वाचण्यावर आणि खुणांवर विसंबलेल्या मुलाचा तो आधार नजरेबरोबर सुटत जातो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या जन्मजात कर्णबधिर मुलांना हे इम्प्लांट मिळू शकतं, म्हणून निदानाचा प्रत्येक महिना मोलाचा. मुंबईत १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी सुरू केलेली हेलन केलर संस्था अंधबधिर मुलांना शिकवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बहुविकलांगतेत अंधबधिरतेचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलाकडे फक्त श्रवणदोषाचं प्रमाणपत्र असेल आणि नजरही मंदावली असेल, तर नव्यानं तपासणी करून घ्या.

तुमच्या घरात, भावकीत किंवा शाळेत कानाला मशीन लावणारं मूल असेल, तर आज दिवेलागणीनंतर त्याच्याबरोबर अंगणात चालून बघा आणि ते अडखळत असेल तर या आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अडखळत नसेल, तरी ही तपासणी दर वर्षी करा.