कोमेजतं म्हणूनच

फुलपुडी देवासाठी येते, हार पाहुण्यांसाठी, गुच्छ वाढदिवसासाठी. स्वतःच्या टेबलावर ठेवायला निशिगंधाच्या चार काड्या घ्यायच्या म्हटलं की मात्र हात आखडतो. दोन दिवसांत सुकणार, मग पैसे कशाला घालवायचे? या प्रश्नाकडे विज्ञानाच्या अंगाने पाहण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या जेनेट हॅविलंड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 147 स्त्रियांपैकी काहींना फुलं, काहींना फळं आणि काहींना मेणबत्ती अशी भेट घरपोच मिळाली. फुलं मिळालेली प्रत्येक स्त्री मनापासून हसली, म्हणजे ओठांबरोबर डोळ्यांच्या कडाही आक्रसतात तशी. या अभ्यासाला तिथल्या फुलविक्रेत्यांच्या संघटनेचं पाठबळ होतं, तेव्हा तो जपूनच वाचायला हवा. शिवाय ती भेट होती. आनंद फुलांचा किती आणि कुणीतरी आठवण ठेवल्याचा किती, हे त्यातून पूर्णपणे वेगळं होत नाही.

ज्यात देणारा कुणीच नाही, असे पुरावे म्हणूनच जास्त मोलाचे. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी मांडल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पुढे जपानी संशोधकांनी 2020 साली दाखवलं, की अस्वस्थ करणारी चित्रं पाहिल्यावर फुलाचं चित्र समोर आलं तर वाढलेला रक्तदाब उतरतो आणि ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसोलही घटतं. मग नुसत्या चित्रावर भागत असेल तर प्लास्टिकची फुलं काय वाईट? आक्षेप रास्त आहे. पण प्रयोगातलं चित्र काही मिनिटांचं असतं, घरातली वस्तू महिनोन्‌महिने तिथेच असते. न बदलणाऱ्या गोष्टीची दखल घेणं मेंदू हळूहळू सोडून देतो. टीव्हीशेजारचा कृत्रिम गुच्छ आठवड्याभरात घरातल्यांना दिसेनासा होतो तो यामुळेच. खरं फूल सकाळी वेगळं असतं, संध्याकाळी वेगळं. त्याचं नाशिवंत असणं हा तोटा मानला जातो. माझ्या मते त्याचा उपयोग नेमका त्यातच आहे.

मोगरा याचं उत्तम उदाहरण. त्याच्या कळ्या दिवसा तोडल्या तरी रात्री उमलतात आणि खुडल्यानंतरही लिनालूल, बेन्झिल ॲसिटेटसारखी सुगंधी द्रव्यं तयार करत राहतात. चीनमध्ये याच कळ्यांच्या रात्रीच्या उमलण्यावर चहा सुगंधित करतात. फ्रान्समधल्या ग्रास शहरात खुडलेली जाई आणि निशिगंध चरबीच्या थरावर पसरून त्यांचा वास टिपून घेत. म्हणजे संध्याकाळी घेतलेल्या गजऱ्यात फुलाचं काम अजून चालू असतं. वासाचा संदेश भावना आणि स्मृतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा थेट पोचतो. नाक सरावतंही पटकन, पण बाहेर जाऊन परत खोलीत आलं की तोच वास पुन्हा नव्याने जाणवतो.

फुलांमुळे नैराश्य बरं होतं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तिथे डॉक्टरच हवेत. दिवसाचा शीण थोडा हलका होतो, एवढाच दावा पुराव्याला पेलतो, आणि तेवढ्यासाठी महागडा गुच्छ लागत नाही. एकदम पुष्कळ फुलं घेण्यापेक्षा थोडी आणि पुन्हा पुन्हा घ्यावीत. देठ तिरके कापावेत, पाणी रोज बदलावं, कारण साचल्या पाण्यातले जिवाणू देठातल्या नलिका बंद करतात. पिकत्या केळ्यांपासून फुलदाणी दूर ठेवावी. केळ्यांतून सुटणारा इथिलीन वायू बऱ्याच फुलांना लवकर म्हातारं करतो. पाणी बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ लक्ष फुलांवरच असतं.