पाणी, पंगत आणि बाप्तिस्मा

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने अज्ञान मुलाचा ताबा त्यांना दिला. श्रीपतला बाप्तिस्मा मिळालेलाच नव्हता. तरी जातीचं दार त्याला बंद झालं, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

चर्चच्या दृष्टीने श्रीपत ख्रिस्ती नव्हता, जातीच्या दृष्टीने तो हिंदू उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी धर्मांतरितांचा विचार या फटीतूनच करावा लागतो.

ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा म्हणजे मरण आणि पुनरुत्थान. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनासाठी उठतो. पाणी किती, याबद्दल आरंभीची मंडळी पुष्कळ मोकळी होती. ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात वाहतं पाणी घ्यावं, ते नसेल तर दुसरं चालेल, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, असं सांगितलं आहे. पुढे बुडवणं की शिंपडणं, तान्ह्या मुलाला की जाणत्या माणसाला, यावरून पंथ फुटले.

आपल्याकडे मात्र ते मरण अक्षरशः अंगावर येई. जातीबाहेर गेलेल्याला वारसाहक्क गमावण्याची धास्ती असे. १८५० च्या कायद्याने धर्म वा जात सोडल्यामुळे मालमत्तेचा हक्क जाणार नाही असं ठरवलं. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर विवाह मोडण्याची वाट दिली. घर मात्र कायद्याने परत मिळत नव्हतं.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यांची लहानगी मुलगी मनोरमाही सोबत होती. पुण्यात गहजब झाला. बाई परक्यांच्या आहारी गेल्या, असा सोपा निष्कर्ष निघाला. त्यांचा पत्रव्यवहार वाचल्यावर हा निष्कर्ष क्षणभरही टिकत नाही. त्रैक्याची शिकवण त्यांना पटत नव्हती आणि त्या तसं स्पष्ट लिहीत होत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आज्ञापालन शिकवू पाहत. रमाबाई सांगत, की आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, कुठल्या एका पंथाच्या अधिकाराखाली नव्हे. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. इतकी निर्भय बुद्धी त्या काळच्या मराठी समाजाने परकी ठरवली, याचं मला आजही वाईट वाटतं. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहिलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडला तो बऱ्याच वर्षांनी. बाप्तिस्म्याने प्रवास संपतो, असं त्यांनी कधी मानलंच नाही.

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून काही वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचं मन कसं बदललं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावं. खाण्यापिण्यातला जातिभेद त्यांनी आधी टाकला, बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. जातीने श्रीपतला ज्या घासापायी बाहेर ठेवलं, तिथूनच लक्ष्मीबाई स्वतःहून बाहेर पडल्या. हे धैर्य मला त्यांच्या पतीच्या धैर्याहून मोठं वाटतं, कारण त्यांना ना कवीची कीर्ती होती ना मिशनची नोकरी.

टिळकांच्या मनातला प्रश्न मात्र संपला नव्हता. ख्रिस्तावर प्रेम करणारे, पण आपली माणसं तुटतील म्हणून बाप्तिस्मा न घेणारे मराठी लोक त्यांना भेटत होते. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य एकत्र बसणार होते. ज्या संस्कारासाठी त्यांनी स्वतःचं घर पणाला लावलं, तो दुसऱ्याच्या वाटेतली भिंत होऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही.