महामारीतील गृहवास आणि स्तनकर्करोगाच्या रुग्णांची शारीरिक हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ या रोगाची साथ महामारी असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी अंमलात आली. त्या काळात कर्करोगाच्या रुग्णांची रुग्णालयाची वाट किती आखडली, याची कल्पना एका पाहणीवरून येते. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या मानाने ५४ टक्क्यांनी, तर फेरतपासणीस येणाऱ्यांची संख्या ४६ टक्क्यांनी घटली. पहिल्या आकड्याचे गांभीर्य कोणाच्याही ध्यानात येईल. दुसऱ्यामागील हानी तितकी सहज दिसत नाही. स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचा हात वर कितपत जातो, तिला काही सूज आहे काय, हे पाहण्याची जागा म्हणजे ही फेरतपासणीच होय.

हाताचा प्रश्न दुय्यम वाटण्याचा संभव आहे. परंतु तो तसा नाही. स्तनाबरोबर काखेतील लसीकाग्रंथी काढल्या की जखमेच्या वेदनेमुळे रुग्ण हात अंगाशी धरून ठेवते. असा धरलेला हात काही आठवड्यांतच खांद्यात आखडू लागतो. पुढे किरणोपचाराची वेळ येते, तेव्हा बहुधा तोच हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. तो तेथपर्यंत पोहोचत नसेल, तर उपचारच अडतो. म्हणजे येथे व्यायाम हा उपचारानंतरचा उपक्रम नसून पुढील उपचाराची पूर्वतयारी आहे.

टाळेबंदीत घरात राहणे या रुग्णांच्या बाबतीत योग्यच होते. रसायनोपचाराने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. परंतु घरात राहणे आणि पडून राहणे यांत भेद आहे. तो त्या काळात पुष्कळदा पुसला गेला असावा, कारण विश्रांतीविषयीच्या एका जुन्या समजुतीचे त्याला पाठबळ होते. विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन शस्त्रवैद्याने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्रच काढल्या जात. अशा स्त्रियांच्या हाताला येणारी सूज नेहमीच्या पाहण्यातली होती. त्यावरून त्या हाताने जड उचलू नये, श्रम करू नयेत, असा नियम रूढ झाला, आणि शस्त्रक्रिया सौम्य झाल्यावरही तो टिकून राहिला.

या नियमाची परीक्षा उशिरा झाली. १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉन मकेंझी यांनी स्तनकर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना वल्ह्यांची लांब नाव चालवण्यास शिकविले. वल्हविणे म्हणजे नेमके वर्ज्य मानलेले श्रम. तरी त्यांच्यापैकी कोणाचीही सूज नव्याने उद्भवली वा वाढली नाही. हा प्रयोग लहान होता. अधिक काटेकोर पुरावा २००९ साली कॅथ्रिन श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी हळूहळू वाढत जाणारी वजने उचलली. हाताची सूज वाढण्याचे प्रमाण त्यांच्यात ११ टक्के, तर वजने न उचलणाऱ्यांत १२ टक्के होते. अर्थात येथे व्यायाम देखरेखीखाली सुरू झाला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. लसीकेला हृदयासारखे स्वतंत्र इंद्रिय नाही. वाहिन्यांच्या आकुंचनाबरोबर स्नायूंच्या हालचालीने ती पुढे सरकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षांचे नवल वाटत नाही.

थकव्याच्या बाबतीतही विश्रांतीचा उपाय अपुरा ठरतो. रसायनोपचारातील थकवा झोपेने पुरता जात नाही. बेताच्या व्यायामाने तो कमी होतो. केरी कुर्निया यांच्या २००७ सालच्या कॅनडातील प्रयोगात २४२ स्त्रिया होत्या. त्यांतील बलवर्धक व्यायाम करणाऱ्या गटाने ठरलेल्या औषधमात्रेचा अधिक भाग पूर्ण केला. नियमित चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळते, असेही काही निरीक्षणे सांगतात. मात्र ज्यांची प्रकृती बरी त्याच अधिक चालतात, ही शंका अशा निरीक्षणांत उरतेच.

आता मुंबईतील एका खोलीच्या बिऱ्हाडाचा विचार करू. माणसे घरात कोंडलेली, बाग बंद, गॅलरी सामाईक. 'घरकाम चालूच असते, मग निराळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. केर काढणे, भांडी घासणे ही हालचाल खरीच. परंतु दुखरा हात वाचवून ही सारी कामे दुसऱ्या हाताने होऊ शकतात. छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालायचे, तर तेही ती चांगल्या हातानेच करील. म्हणून दुखऱ्या हाताला त्याचे स्वतंत्र काम नेमून द्यावे लागते. शस्त्रक्रियेतील नळी निघेपर्यंत हात बहुधा खांद्याच्या पातळीपर्यंतच न्यावा असे सांगतात. त्यानंतर भिंतीसमोर उभे राहून बोटे एकेक पाऊल वर चढवावीत आणि ती जेथे पोहोचली तेथे पेन्सिलीने खूण करावी. पुढे वैद्याच्या संमतीने अर्धा लिटर पाण्याची बाटली वजन म्हणून पुरते. चालण्यास जागा नसेल तर उभ्या जागी पावले टाकता येतात. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकी धाप योग्य समजावी. आठवड्यातून तीनदा अर्धा तास अशी चाल आणि दोनदा बलवर्धन, असे प्रमाण तज्ज्ञांच्या मंडळाने २०१९ साली सुचविले आहे. सुरुवात दहा मिनिटांनीही होते.

ताप, छातीत दुखणे, हात लाल व उष्ण होणे, रक्तबिंबिका फार घटणे, किंवा रोग हाडांत पसरलेला असणे, या स्थितींत आधी वैद्याला विचारलेच पाहिजे. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि दूरध्वनीवरून किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून सल्ला देण्याला स्पष्ट आधार मिळाला. पडद्यावरून खांद्याची हालचाल पाहता येते, पण सुरुवातीची सूज हाताने चाचपता येत नाही. ही उणीव शिंप्याच्या टेपने काही अंशी भरून काढता येते. मनगटापासून ठरावीक अंतरावर दोन्ही हातांचा घेर आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहावा, आणि शस्त्रक्रियेपूर्वी नसलेला सुमारे दोन सेंटिमीटरचा फरक दिसू लागला तर पुढच्या फेरतपासणीची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे.